छत्तीस अंश

ला क्रॉस, विस्कॉन्सिन. मंगळवार, संध्याकाळचे सहा.
बाहेर बारा फॅरनहाइट,
माझ्या हिशेबात उणे अकरा.
आत, कानाला हेडफोन लावून
मी लोकांना दुसरंच तापमान विचारते.

शून्य म्हणजे अगदी थंड, शंभर म्हणजे अगदी ऊबदार,
पन्नास म्हणजे ना इकडे ना तिकडे.
तर त्या पक्षाला मत देणाऱ्यांबद्दल
तुम्हाला किती अंश वाटतं?

प्रश्न माझा नाही. शब्द बदलायची मुभा नाही.
'हं' म्हणायचं, तेही एकाच सुरात.
ओडेगार्डबाई म्हणतात, विचारणाऱ्याचं मत म्हणजे
कॉफीत पडलेली माशी,
कप सगळाच ओतून द्यावा लागतो.

मग संगणक नाणं उडवतो.
निम्म्यांना विचारायचं:
तुमच्या मुलीनं त्या पक्षाचा जावई आणला तर?
उरलेल्यांना तेच, फक्त एक ओळ जास्त:
जावई राजकारणावर फारसं बोलत नाही.
त्या ओळीनं राग किती उतरतो
एवढंच आम्हाला हवंय.
दोन हजार सातशे माणसं, एका ओळीसाठी.

बहुतेकांना विचार करावा लागत नाही.
शून्य. पाच. शून्य.
एकानं विचारलं, उणे चालतं का?
एक बाई म्हणाली, जावई? माझा मुलगाच तिकडचा आहे,
आणि फोन ठेवला. तिला 'अपूर्ण' म्हणून नोंदवलं.

व्हर्ना टॉलफसन, वय एकोणऐंशी.
तीही शून्यच म्हणाली, आणि असल्या जावयाला
मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.
मग थांबली.
यात हार्लन धरायचा का?

शेजारचा हार्लन.
अंगणात त्यांची ही भली मोठी पाटी, वर रात्रभर दिवा,
माझ्या उशीवर उजेड येतो मेल्याचा.
पण ऑर्व्हिल गेला त्या हिवाळ्यापासून
माझ्या दारातला बर्फ तोच काढतो.
बोलत नाही. मीही बोलत नाही.
पहाटे फावडं खरवडल्याचा आवाज येतो,
मी कूस बदलते.
सांग, त्याला किती द्यायचे?

रकान्यात एकच आकडा मावतो.
नियमाप्रमाणे मी प्रश्न पुन्हा वाचला, शब्दशः.
पलीकडे कुकरसारखं काहीतरी फुसफुसत होतं,
किंवा तिचा श्वास असेल.
शून्य खोड, म्हणाली. छत्तीस लिही.

छत्तीसच का, हे विचारायचं नसतं.
मी टाइप केलं. आणि मग उगाचच
कागदाच्या कडेला आपल्या अंकांत काढून पाहिलं: ३६.
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून बसलेले.
आमच्याकडे वैराला दुसरं थर्मामीटर लागत नाही.
आणि सोयरीक जुळवताना पत्रिकेतले
पैकीच्या पैकी गुण,
तेही छत्तीसच.
ओडेगार्डबाईंना हे कुठून समजावायला घेऊ?
म्हणतील, तळटीप द्या.

शिवाय व्हर्ना निघाली पहिल्या गटातली.
संगणकानं तिला ती जास्तीची ओळ दिलीच नव्हती.
ती तिच्याकडे होती,
चार हिवाळे.

(सांगलीच्या चुलतभावाला, विश्रामला,
मी किती दिले असते?
निकालाच्या रात्री त्यानं मला 'तुम्ही लोक' म्हटलं,
मी त्याला त्याहून वाईट.
तेव्हापासून त्याच्या मुलीच्या वाढदिवसालाही
नुसता अंगठा पाठवते.
हा रकाना आमच्या प्रश्नावलीत नाही,
याचं मला बरंच वाटतं.)

इथल्या मापात बत्तीसला पाणी गोठतं.
छत्तीसला पागोळ्या ठिबकायला लागतात,
पण रस्ता आणखीच निसरडा होतो.

झालं का, व्हर्नानं विचारलं.
हो, झालं.
मग म्हणाली, आवाजावरून तू लांबची दिसतेस,
तुझ्या दारातला बर्फ कोण काढतं?

पडद्यावर पुढचं वाक्य आलेलं होतं.
मी ते वाचलं.
आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल
विद्यापीठ आपलं आभारी आहे.